सूचना : २७ फेब्रुवारीची बैठक

सभासदहो,

तात्यासाहेब शिरवाडकरांचा जन्मदिन, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन, २७ फेब्रुवारीला आहे. त्याच संध्याकाळी ६ वाजता गंगापूर रोडच्या नेहमीच्या हॉलमध्ये जमायचं आहे.

"येणार का?" याला नुसता अंगठा पाठवू नये. मागच्या खेपेला अंगठे २३ आले, माणसं ९. मिसळ उरली! (नाशकात मिसळ उरावी, काय सांगायचं.) "बघतो", "जमवतो" हे नकार धरले जातील. जोडलेले हात म्हणजे नमस्कार, आभार की टांग, ते पाठवणाऱ्यानेच लिहावं. लांबलचक व्हॉइस मेसेजवाल्यांनी सरळ फोन करावा. शुभेच्छांचे फॉरवर्ड येणारच. निदान 'हार्दीक'ची वेलांटी ऱ्हस्व करून पुढे ढकला.

नावं २५ तारखेपर्यंत, अक्षरांत कळवावीत.

– कार्यवाह