कबरस्तानवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, सलाम.

तुम्ही मोबाईलवर फक्त फोन उचलता आणि ठेवता हे मला माहीत आहे, म्हणून हे तुम्हाला वाचून दाखव असं तुमच्या मुलीला आधीच सांगून ठेवलंय. आणि सगळ्यांसमोर लिहून राहिले कारण आपल्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांनीही हे वाचायला पाहिजे. आत्याची कबर तुम्ही खणली त्याबद्दल तुमच्या खोलीवर आभार मानायला आले तेव्हा तुम्ही "बसा, चाय घ्या" म्हणून विषयच बदलून टाकला होता, आता मध्ये बोलता येणार नाही तुम्हाला.

२२-२३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र कुठलाच नागपूरकर विसरणार नाही. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये शिरली, मोरभवन स्टँडवर बसेस पाण्यात, माणसं बोटीतून काढावी लागली. आमची आत्या नेमकी त्याच रात्री गेली. आमच्या घरात पाणी नव्हतं पण लाईट गेलेली, फ्रीजर बॉक्स कुठेच मिळेना, शेवटी भाऊ कुठूनतरी बर्फाच्या लाद्या घेऊन आला आणि आम्ही टबात वितळलेलं पाणी काढत बसलो. पाळकसाहेब स्वतःच्या घरातलं पाणी उपसत होते, बिचारे. फोनवर जो तो एकच सांगे, आज कुठे माती देता, कबरस्तानात तळं झालंय, बघू दोन-तीन दिवसांनी. तुम्हाला फोन लावला तर तुम्ही एवढंच विचारलं, "पेटी किती फुटाची हाय?"

रविवारी उपासना झाल्यावर मातीची वेळ ठरली. मी शनिवारी दुपारीच आले होते, जागा बघायला म्हणून, आणि तुम्ही खणत होता ते उभी राहून बघितलं म्हणून हे सगळं लिहिता येतंय, नाहीतर आमच्यापैकी कोणालाच काही माहीत नसतं. आम्ही येतो तेव्हा खड्डा तयार असतो ना. पहिला खड्डा तुम्ही आमच्या आजोबांच्या शेजारी घेतला, पण तिथे वरची काळी माती पाणी पिऊन अशी फुगलेली की एक घमेलं काढलं की बाजूची दोन घमेली आत. तुम्ही तो सोडला, चढावर भिंतीकडे गेलात आणि सब्बल मारून बघितली, तिथे हातभर खाली मुरूम लागला. लाईट नाही म्हणजे पंप नाही, त्यामुळे तुम्ही आत उभे राहून बादली भरत होता आणि तुमचा मुलगा वरून ओढत होता, रात्रीपर्यंत हेच. रविवारी सकाळी परत तेच, कारण रात्रीतून झिरपलेलं होतंच. मग तळाला कोरडा मुरूम, त्यावर जुन्या फरशीचे तुकडे. मी म्हटलं काका एवढं कशाला, तर तुम्ही म्हणाले, "पाण्यात उतरवली तं पेटी तरंगते बाप्पा. बाईले वल्यात नाई ठेवणार मी."

तुम्ही तिला ओळखतही नव्हता.

माती देताना आमच्याकडची पोरं पांढरे शूज घालून आली होती, ती चिखलाच्या अलीकडेच थांबली. आत उतरून दोर सोडवणारे तुम्ही दोघं बाप-लेक. नंतर मी थोडे जास्तीचे पैसे द्यायला लागले तर तुम्ही म्हणाले जो रेट आहे तो कमिटीकडे भरा आणि पावती घ्या. आत्याला हे फार आवडलं असतं. तिनं मुरे मेमोरियल दवाखान्यात नर्सिंगमध्ये आयुष्य काढलं आणि पावतीशिवाय ती चहासुद्धा प्यायची नाही.

आत्याची अजून एक गंमत सांगते. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या पंथांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते आपल्या नागपुरातच, त्याचा आम्हा लोकांना केवढा अभिमान. तेव्हा ती तरुण होती, तिथे हजर होती. कोण कोण बिशप आले होते विचारलं की म्हणायची आठवत नाही गं. पण जेवणात पाणी कोणी वाढलं आणि रात्री भांडी कोणी घासली ते तिला सगळं पाठ, अगदी कोणाची बोटं राखेनं फुटली होती तेसुद्धा. मला तेव्हा वाटायचं हिला महत्त्वाचं काय ते कळतच नाही. तुमच्या कबरस्तानात उभी राहिले तेव्हा वाटलं, ती देवाला बरोबर त्या जागी शोधत होती जिथे आम्ही कधी बघतच नाही.

मिशनरी हिस्लॉप साहेबांचंच घ्या. १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपूरला आले, शाळा काढली, दगडधोंडे गोळा केले, १८८३ मध्ये सुरू झालेल्या कॉलेजला त्यांचं नाव दिलं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडे गेले असताना नाल्याच्या पुरात बुडून ते वारले, म्हणजे पाऊस आणि महिना दोन्ही आपल्यासारखेच. हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण त्यांना पाण्यातून कोणी काढलं आणि त्या चिखलात खड्डा कोणी खणला, हे आम्हाला संडे स्कूलमध्ये कोणीच सांगितलं नाही. तुमच्यासारखेच कोणी काका असतील.

आता त्या लेकरांच्या कोपऱ्याबद्दल, कारण तो मी त्या दिवसापर्यंत पाहिलेलाच नव्हता. नळाच्या मागे, जिथे हार आणि निर्माल्य टाकतात त्याच्या शेजारी, एकेक वीट उभी रोवलेली, ना क्रॉस ना नाव. जन्मून एक-दोन दिवसात गेलेली बाळं. आई-बाप एकदा येऊन गेले ते गेले. नोव्हेंबरात लोक आपापल्या कबरा साफ करतात, चुना मारतात, झेंडू आणि मेणबत्त्या लावतात, आणि उरलेला चुना बादलीत तसाच सोडून जातात. मी संध्याकाळी उशिरा आले तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या बादल्या एकात ओतून, पाणी घालून पातळ करून, त्या विटांना एकेक हात मारत होता, ब्रश पण कोणाचातरी टाकून दिलेला. आणि अर्ध्या जळालेल्या मेणबत्त्या गोळा करून प्रत्येक विटेपुढे एक. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? कोणीच नाही. "हा पोरगा, हे जुळे, हे पोरगी," असं बोट दाखवून सांगत होता. कमिटीच्या रजिस्टरला वाळवी लागली, पण तुमच्या डोक्यातल्या रजिस्टरला काही झालेलं नाही.

बायबलमध्ये रिस्पा नावाची बाई आहे, २ शमुवेल २१ मध्ये, तिच्यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलं नाही. तिच्या दोन पोरांना मारून डोंगरावर टाकलं, तर ती खडकावर गोणपाट अंथरून बसली, दिवसा पक्षी हाकलायची, रात्री जनावरं, कापणीपासून पाऊस पडेपर्यंत. एक शब्द बोलत नाही ती त्या गोष्टीत. दावीद राजाला तिच्यामुळे सुचलं की मेलेल्यांना नीट माती द्यायला पाहिजे. राजाला, ज्यानं स्तोत्रं रचली!

आणि ईस्टरला आम्ही पहाटे तुमच्याकडेच येतो, खुर्च्या तुम्हीच मांडता आणि मग मनगटातला ताजबाग दर्ग्याचा धागा फिरवत नळापाशी जाऊन बसता. मरीया मग्दालियेला उठलेला प्रभू दिसला आणि तिला वाटलं हा माळी असेल, हे दरवर्षी वाचलं जातं आणि दरवर्षी पाळक ते अर्ध्या मिनिटात उरकतात, की रडून रडून तिला नीट दिसत नव्हतं. मला हे पटत नाही. पहाटे कबरांमध्ये वावरणारा माणूस म्हणजे तिथे काम करणाराच असणार, हा तिचा अंदाज अगदी साधा होता, आणि प्रभू तसा दिसत असणार, त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही. त्यानं तिला फक्त नावानं हाक मारली. यंदा हे वाचन चालू असताना माझं लक्ष सारखं नळाकडे जात होतं, पाळकसाहेबांनी माफ करावं.

बरं, कामाचं. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि मड पंप, छोटं जनरेटर आणि लेकरांच्या कोपऱ्यातून निर्माल्याचा ढीग हलवणं हे तीन विषय मांडले. पंप मंजूर झाला, जनरेटरवर बराच वाद झाला, ढिगाचं काम आपल्या तरुण संघानं घेतलंय आणि यावेळी ते पांढरे शूज घालून येणार नाहीत असं मी बजावलंय. तुमच्या खड्ड्याचा रेट वाढवायचा विषय राहिला, तो मी सोडणार नाही. गमबुटाचा नंबर मुलीकडे सांगून ठेवा, तुमचा आणि मुलाचा दोन्ही, शनिवारी मी सीताबर्डीला जाणार आहे. आणि काकूंना सांगा, मी येते तेव्हा चहात साखर कमी.

तुमची,
नर्सबाईंची भाची