चित्रकलेचा वर्ग बंद करण्यापूर्वी

सोलापूर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

चिरंजीव आठवीत गेले म्हणून त्यांचा चित्रकलेचा वर्ग बंद करून गणिताची शिकवणी लावण्याचा तुझा विचार पत्रातून कळला. माझे मत विचारलेस म्हणून स्पष्ट लिहितो: वर्ग बंद करू नकोस.

इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेतील श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ गुण वाढून मिळतात आणि बहुतेक पालकांचा हिशेब तेथेच संपतो. मला त्या गुणांचे फारसे अप्रूप नाही. वस्तुचित्राच्या तासाला समोर तांब्या ठेवला, की तांब्याचे तोंड गोल असते हे ठाऊक असल्यामुळे मुले बिनदिक्कत गोल काढतात. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने रुंदी-उंची मोजायला लावली, की तेच तोंड बसल्या जागेवरून चपटे, लंबवर्तुळाकार दिसते हे त्यांच्या ध्यानात येते. ठाऊक असलेले बाजूला ठेवून समोरचे पाहण्याची ही सवय प्रयोगशाळेत आणि भूमितीतही उपयोगी पडते.

आत्मविश्वासाचे म्हणशील तर माझ्या वर्गातील एका मुलीविषयी सांगतो. घरी तेलुगू बोलणारी, वडील यंत्रमागावर कामाला. मराठीत अडखळते म्हणून ती कधी हात वर करत नसे. संकल्पचित्रात तिने चादरीच्या काठासारखी नक्षी काढली, तीही ग्राफच्या कागदावर, चौकट मोजून. हे असे का, असे मी विचारले तेव्हा नक्षीतील चौकटींवरून जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, कार्डांना भोके पाडतात आणि त्यानुसार उभे धागे उचलले जातात, हे तिने फळ्याजवळ येऊन सर्वांना समजावले. भाषा तीच, अडखळणेही तेच. मात्र सांगण्यासारखे काही आपल्यापाशी आहे, याची तिला खात्री होती. पुढच्या आठवड्यात विज्ञानाच्या तासालाही तिने शंका विचारली.

अर्थात, दोन डोंगर, मधून सूर्य आणि एक झोपडी फळ्यावर काढून सर्वांकडून उतरवून घेणारे वर्गही असतात. त्यांतून यांपैकी काहीच साधत नाही. शिवाय चित्रकार एम. एफ. हुसेन पंढरपुरात जन्मले म्हणून आपल्या जिल्ह्यात घरोघरी चित्रकार निपजावेत, असा माझा हट्ट नाही.

तेव्हा चिरंजीवांची चित्रकलेची वही एकदा चाळून पाहा. पाने फळ्यावरून उतरवलेली दिसली, तर वर्ग बदल. गणिताची शिकवणी सकाळी लावता येईल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत