मावशी, तुमचं वाडगं माझ्याकडेच राहिलंय

मावशी, रामकृष्ण हरी. आमच्यात भेटल्यावर 'जय ख्रिस्त' म्हणतात, पण त्या रात्री निघताना तुम्ही जे म्हणालात तेच आधी लिहितो.

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. तो पहिल्या रांगेत पोतं अंथरून बसला होता, त्यामुळे मी कुठं वाढवून लिहिलं तर तो तिथंच अडवेल. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गावाचंही नाही. तुम्हाला तिथंच राहायचंय. नेवासे तालुका, एवढं पुरे.

तुमच्या गावात माझं ख्रिस्ती कीर्तन चालू असताना ते बंद पाडायला पोरं आली, त्याला आठ दिवस झाले. रोज लिहायला बसतोय आणि उठतोय. राग आधी येतो आणि आभार मागं राहतात. म्हणून रागाचं थोडक्यात उरकतो.

मोटारसायकली आल्या, माइकची वायर उपटली, पेट्रोमॅक्सच्या काळातसुद्धा झाला नसेल एवढा अंधार झाला. ढकलाढकलीत पखवाज घरंगळत खाली गेला. एकानं माझ्या तोंडाजवळ मोबाइल धरून विचारलं, "एका माणसामागं किती मिळतात रे?" मावशी, मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस. गाडीचं पेट्रोल पेन्शनमधून टाकतो आणि पेटीवाल्याला चहा पाजतो. पण त्या क्षणी मला यातलं काहीच सुचलं नाही. 'मोजा की' म्हणायला हवं होतं, असं घरी आल्यावर रात्री दोन वाजता सुचलं.

आणि आमचे लोक? मंडळीतले एक ज्येष्ठ पंच, नाताळात पहिल्या बाकावर बसणारे, 'गाडी बघून येतो' म्हणून जे गेले ते अजून गाडीच बघताहेत. दुसऱ्यांचा फोन बंद. तिसऱ्यांनी दुसऱ्या दिवशी उपदेश केला, "चर्चच्या आवारात करा ना काय करायचं ते, उघड्यावर कशाला?" ज्यांच्याकडे दाद मागायला गेलो त्यांनी मला दीड तास बाकड्यावर बसवून नंतर या म्हणून सांगितलं. तो सगळा पाढा इथं वाचत नाही. घटनेच्या 25 व्या कलमात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क लिहिलाय, हे मी पंचवीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्रात शिकवलं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली सांगितलं, तेही शिकवलं. मला दोन्ही पटतं. सांगणं माझ्याकडे, घेणं न घेणं ऐकणाऱ्याकडे. पण बाकड्यावर बसल्यावर कलम कुणाला ऐकवणार?

तर पखवाज. तो उचलला तेव्हा डाव्या पुडीची कणीक निघून मातीत पडली होती. ज्याला पखवाज माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, उजव्या पुडीला शाई असते ती कायमची. डावीला दर वेळी ओली कणीक थापावी लागते, तेव्हाच तो घुमतो. नाहीतर नुसतं डबडं. आमचा वाजवणारा पोरगा विशीतला. मातीनं भरलेला तो गोळा हातात घेऊन तो रडायच्या बेतात होता. मी पुस्तकं गोळा करायला लागलो. मनात म्हटलं, झालं, आवरा.

तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला. "का थांबला रं?"

मी म्हटलं, माइक गेला, पखवाजाची कणीक गेली.

"गळा गेला का?"

एवढं विचारून तुम्ही उत्तराला थांबला नाहीत, चालायला लागलात. मला वाटलं, म्हातारी वैतागून घरी गेली. मोटारसायकलवाले तिथंच उभे, आमचे वीसबावीस लोक एकमेकांना धरून बसलेले, आणि कुणी काही बोलेना. पाच-सात मिनिटं झाली असतील. मग तुम्ही परत आलात. पदराखाली स्टीलचं वाडगं, त्यात कणकेचा गोळा, वर ओलं फडकं.

ते वाडगं मी विसरू शकत नाही. आपला मुलूख बाजरीचा, गव्हाची कणीक रोज कोण मळतं? नातवानं नंतर सांगितलं, लेक-जावई आले होते आणि ती त्यांच्या पोळ्यांची कणीक होती. म्हणजे जावयाच्या पानातली एक-दीड पोळी त्या रात्री पखवाजाला लागली. तुम्ही गोळा आमच्या पोराच्या हातात ठेवला नाहीत. आधी अंगठ्यानं दाबून पाहिलात, म्हणालात, "सैल हाय, आमच्या जावयाला मऊ लागत्यात," आणि कोरडं पीठ पदराच्या गाठीतून सोडून त्यात मळलंत. पदराला पीठ बांधून आणलं होतंत! मग पुडीवर थापून, बोटांनी कडा सारख्या करून पोराला म्हणालात, "हां, मार." त्यानं थाप मारली. तुम्ही कान तिरका करून ऐकलंत, चिमूटभर काढून घेतलीत, पुन्हा "मार." तेव्हा कुठं तो घुमला.

मालक तीस वर्षं दिंडीत पखवाज वाजवत होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसती तुमची बोटं दिसत होती.

मग तुम्ही त्या मुलांकडे वळलात. त्यातल्या एकाला तुम्ही घरच्या नावानं हाक मारलीत, ते नाव ऐकून बाकीचे हसले, आणि मला वाटतं तिथंच निम्मं वारं गेलं. "भांडायचं तर संपल्यावर भांडा. कीर्तन मधी उठवत्यात व्हय रं? तुझ्या आज्यानं शिकवलं न्हाई का?" दोघं गाडी काढून गेले. तिघं हाताची घडी घालून शेवटपर्यंत उभे राहिले. त्यांचं मतपरिवर्तन झालं वगैरे मी म्हणणार नाही; एक जण सारखा मोबाइल बघत होता. पण उभे राहिले, आणि मी बोललो. माइकशिवाय, पाऊण तास.

विषय होता बायबलमधल्या पौल आणि सीला या येशूच्या दोन प्रचारकांचा तुरुंगवास. फिलिप्पै गावात दोघांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते देवाची गाणी म्हणत होते तेव्हा भूकंप झाला, दारं उघडली, बेड्या गळून पडल्या. हे आख्यान मी पंधरा-वीस वेळा लावलं असेल आणि दर वेळी भूकंपावर जोर देत आलो. पखवाजवाल्याला आधीच खूण करून ठेवलेली असते, तिथं दणका द्यायचा. पण पुढं एक वाक्य आहे: त्या रात्री, त्याच घटकेला तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं त्यांना नेऊन त्यांच्या जखमा धुतल्या. ते मी घाईत म्हणून टाकायचो. त्या रात्री तिथं आलो आणि गळा दाटला. कुणी पाणी आणलं असेल, कशात आणलं असेल, कोमट केलं असेल का, हे कधी मनातच आलं नव्हतं. नातवाला विचारा, मी तिथं बराच वेळ थांबलो. लोकांना वाटलं बुवा विसरले.

संपल्यावर मी तुमच्या पाया पडायला वाकलो तर तुम्ही मला मध्येच धरलंत आणि स्पष्ट सांगितलंत, "हे बघ बाबा, तुझा येशू मला नको. माझा इठोबा मला पुरा हाय. पण कीर्तन आर्धं टाकू नये." सगळ्यांसमोर. मावशी, खरं सांगतो, सुवार्ता सांगायला निघालेल्या माणसाला असं तोंडावर कुणी सांगितलं की आत कुठंतरी टोचतंच. मला टोचलं नाही. का, ते आठ दिवस शोधतोय. तुम्ही माझं ऐकून घेतलंत, पूर्ण ऐकलंत, आणि मग नको म्हणालात. एवढं आजवर फार थोड्यांनी केलंय. बहुतेक जण न ऐकताच नको म्हणतात, आणि आमच्यातले काही न ऐकताच आमेन म्हणतात.

मीही लपवत नाही. मला तुम्हाला येशूबद्दल सांगायचंच आहे. तो मला मिळालेला आहे आणि मिळालेलं दाबून ठेवणं मला जमत नाही. पौलाला करिंथ गावात दर्शनात सांगितलं गेलं तसं, भिऊ नको, बोलत राहा, गप्प बसू नको. पण कसं सांगायचं हे आमचं आम्हाला नेहमीच कळलंय असं नाही. तरुणपणी आम्ही चार पोरं एसटी स्टँडवर पत्रकं वाटायचो, आणि दुसऱ्यांच्या देवाबद्दल जे बोलायचो ते आज आठवलं तरी कानशिलं तापतात. त्यातल्या कुणाला तुमच्यासारखी एखादी बाई भेटली असेल आणि ती दुखावून गेली असेल. त्या मोटारसायकलींच्या आवाजात आमचंही थोडं व्याज होतं, असं मला वाटतं. आमच्या पंचांना हे वाक्य आवडणार नाही.

आमच्याकडे कीर्तन आलं तेही तुमच्याकडूनच. एकोणिसाव्या शतकात नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ते ख्रिस्ती मंडळीत रुजवलं. पुढं नारायण वामन टिळक आले, 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले, आणि ते तर तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असंच सांगायचे. त्याच टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाची मंडळी काढली, बाप्तिस्मा घेतलेल्या न घेतलेल्या सगळ्यांसाठी. आवारात बसून राहा म्हणणारे त्यांनाही भेटलेच असणार.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, कारण ती मला त्या रात्री गाडीत आठवली. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले, आमच्या मराठी मिशनची सुरुवात तिथली. त्यांना परत पाठवायला पहिल्यांदा कोण निघालं असेल? गोरा साहेबच. कंपनी सरकारला व्यापारात अडचण नको होती. हॉल कसाबसा टिकला. 1826 साली नाशिककडे कॉलऱ्याची साथ होती, जवळची औषधं लोकांना देऊन तो परत निघाला आणि वाटेत त्यालाच कॉलरा झाला. मेला तो एका देवळाच्या ओसरीवर. त्या ओसरीवर त्याला पडू दिलं ते कुणी, पाणी दिलं का कुणी, याचा विचार मी आता करतो. आधी नुसतं साल पाठ होतं.

असो, लांबलं. मास्तरची सवय.

वाडगं आमच्या सामानात तसंच गुंडाळून आलं, फडक्यासकट. घासून ठेवलंय. आमची आई म्हणायची, कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. बायकोनं नाताळाच्या करंज्या केल्यात, ओल्या नारळाच्या, त्या त्यात घालून आणतो. आमच्या घरचं तुम्हाला चालेल का, असा प्रश्न एकदा मनात आला होता. मग तुमची ती पिठाची गाठ आठवली आणि मी तो प्रश्न सोडून दिला. नातवाला फक्त एकादशी कधी आहे ते विचारून ठेवलंय. ती टाळून, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचतो.