आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: साडेअकरा म्हणजे नक्की किती वाजता?

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मंगळवारी माझ्या ७६ वर्षांच्या आईला आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं होतं. वेळ साडेअकराची, चार दिवस आधी फोन करून घेतलेली. आम्ही अकरा वीसलाच हजर. कारण मागच्या महिन्यात सिंहगड रोडवर अडकून सात मिनिटं उशीर झाला, तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने मान वर न करता ऐकवलं होतं, "तुमचा नंबर गेला, काका. आता सगळ्यात शेवटी."

या मंगळवारी डॉक्टर पावणेएकला आले. त्यांचा नंबर काही गेला नाही.

आल्या आल्या आत कोण गेलं? एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. काळ्या बॅगा घेऊन चौघे की पाच जण. त्यांना बरं नसावं.

आई मधुमेही आहे. सकाळी आठला इन्सुलिन घेऊन दोन घास पोहे खाते, साडेबाराला जेवते. हे घड्याळ याच डॉक्टरांनी लावून दिलंय, "जेवणाची वेळ चुकवायची नाही" अशी तंबी देऊन. सव्वाला ती माझा हात धरून म्हणाली, "कसंतरी होतंय रे." तळवे गार, कपाळावर घाम, बोटं थरथरत होती. शेजारच्या बाईंनी पर्समधून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढला. मी बाटलीच्या झाकणातलं पाणी तिच्या ओठाला लावलं. निम्मं साडीवर सांडलं. दवाखान्यात, डॉक्टर दहा फुटांवर असताना, आईला वाचवलं ते बिस्किटांनी!

दोनला आत गेलो. तीन मिनिटांत बाहेर. त्यातही एकदा फोन वाजला.

खोलीत आम्ही पंधरा माणसं होतो. प्रत्येकाचे दोन तास धरा, तीस तास झाले. रोजंदारीवरच्या माणसाचा अर्धा खाडा तर झालाच. आमच्या पुण्यात दुकान एक ते चार बंद असतं म्हणून जग हसतं. पण दुकानदार तशी पाटी तरी लावतो.

डॉक्टर वाईट नाहीत. वडील गेले त्या रात्री दोन वाजता हेच गृहस्थ स्कूटरवरून घरी आले होते. ते विसरलेलो नाही. म्हणूनच हे पत्र त्यांना नाही, आपल्याला आहे.

२०१७ साली ६७ देशांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टर रोग्याला किती वेळ देतात? स्वीडनमध्ये बावीस मिनिटं, आपल्याकडे जेमतेम दोन. म्हणजे तीन मिनिटं मिळाल्याबद्दल मी आभारच मानायला हवेत. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात वचन होतं, २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ. वेळ तिथेही पाळायची होती ना? सरकारी दवाखाना धड असता तर या एका खोलीत पंधरा माणसं कोंबली गेली असती का?

नर्सिंग होमसाठी आपण २०२१ मध्ये नियम केले, दरपत्रक लावा, रुग्णहक्कांची सनद लावा. साध्या दवाखान्यांचं काय? दवाखान्यांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेलाच नाही. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत आहे, त्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला उशिरा मिळाला म्हणून कुणाची साखर उतरत नाही, साहेब.

मागणं मोठं नाही. डॉक्टरांना उशीर होणार असेल तर एक मेसेज यावा. एमआरची वेळ वेगळी असावी. आणि सात मिनिटांना नंबर जात असेल, तर पंचाहत्तर मिनिटांना काय जातं, तेही पाटीवर लिहावं.

आईची पुढची वेळ महिन्याने, पुन्हा साडेअकराचीच मिळाली आहे. पोळीभाजीचा डबा बरोबर नेणार आहे. आपण पाहायला आलात तर आपल्यापुरती पोळी जास्तीची टाकेन.

आपला,
तुमच्याच राज्यातला एक पेशंट (दोन्ही अर्थांनी)