लेथ दोन मिनिटं थांबवल्याबद्दल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्री मामांना,

नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून शेडमधली पोरं म्हणतात तसं मीही मामाच म्हणते.

गाडी आता सिग्नलला गप्प उभी राहते, याचं मला अजून नवल वाटतं. तीन महिने खानापूरहून निघालं की आरपीडी क्रॉस येईपर्यंत पोटात गोळा. सिग्नल लागला की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा ७०० वरून १५०० वर, परत खाली, परत वर. कुणीतरी चोरून रेस देत असल्यासारखं. दोनदा तर गाडी तिथंच बंद पडली. मागे हॉर्नचा कालवा आणि शेजारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे निघालेली माझी आई, रामरक्षा पुटपुटत.

आधी एका मोठ्या वर्कशॉपात गेले होते. काचेची केबिन, फुकटची कॉफी. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला नाही, म्हणजे गाडीला काही झालेलं नाही! तरी प्लग बदलले, इंजिनात हवा सोडणारी झडप, म्हणजे थ्रॉटल बॉडी, साफ केली, एक सेन्सर घातला. ११ हजार गेले. गाडी रात्रभर ठेवून घ्यायचे आणि सकाळी थंड इंजिनावर बघायचे. गरम झाल्यावर होतंय हो, हे माझं म्हणणं कागदावरसुद्धा कुणी उतरवलं नाही. ब्रेक कडक लागतो म्हटलं तर उत्तर आलं, ''मॅडम, लेडीजना वाटतं तसं.'' २५ वर्षं शाळेत पोरांची खरी पोटदुखी आणि खोटी पोटदुखी वेगळी काढतेय मी. भास कशाला म्हणतात ते मला कळतं.

तुम्ही बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलंत, ''कधी करतंय असं, बाई? सगळं सांगा बघू.'' मग इंजिन चांगलं तापू दिलंत. मला ब्रेक दाबायला लावलंत, वाकून कान दिलात आणि शेजारच्या शेडकडे बघून ओरडलात, ''एरड निमिष बंद माडो!'' दोन मिनिटं बंद कर रे. लोखंड कातणारा लेथ थांबला. भर दुपारी उद्यमबाग इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती. मला खाली बोलावलंत, पोराला ब्रेकवर बसवलंत आणि म्हणालात, ''आता तुम्ही ऐका की.''

बारीक फुसफुस. ब्रेक हलका लागावा म्हणून असलेल्या बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप क्लिपच्या खालच्या अंगाला चिरला होता. रबर तापून मऊ पडलं की चीर उघडायची आणि थ्रॉटलला चुकवून हवा इंजिनात शिरायची. तुम्ही पाइप पक्कडीत चिमटलात आणि काटा ८०० वर खिळला. कडक ब्रेकचं कारणही तेच निघालं.

पाइप बदलल्याचे आभार आहेतच, पण हे पत्र त्या लेथसाठी आहे. आवाज तुम्हाला ऐकू आला होता, काम तिथूनच सुरू करता आलं असतं. मला ऐकवायची काही गरज नव्हती. त्या दोन मिनिटांत माझे तीन महिने खरे ठरले. घरी येऊन आईला सांगताना गळा भरून आला, आता लिहितानाही येतोय. आपल्याकडे माणूस मराठी की कानडी हे आधी बघणारे पुष्कळ. तुम्ही मला मराठीत ऐकवलंत, लेथवाल्या पोराला कानडीत हाक मारलीत, आणि दोघांशी सारख्याच मायेनं बोललात.

त्या लेथवाल्या पोराला माझा नमस्कार सांगा. हातातलं काम तसंच सोडून तोही कान देऊन उभा होता, ते मी बघितलंय.

तुमची,
खानापूरची बाई