एला फिट्झगेराल्ड नुसती गायिका नव्हती, बँड तिच्या नावावर होता

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डवर अख्खं अर्धं पान दिलंत, बरं वाटलं. नाहीतर मराठी पेपरात जॅझ म्हटलं की लुई आर्मस्ट्राँगचा गाल फुगवलेला फोटो येतो आणि विषय खल्लास. पण लेखात एक मोठा खड्डा राहिलाय. 1934 साली न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरला हौशी कलाकारांच्या स्पर्धेत नाचायला गेलेली पोरगी ऐनवेळी गायली आणि जिंकली, मग ड्रमवादक चिक वेबच्या बँडात लागली, मग 1938 मध्ये टोपली हरवल्याचं ते 'अ-टिस्केट, अ-टास्केट' गाणं हिट झालं, इथपर्यंत ठीक. तिथून लेखकमहाशय जी उडी मारतात ते थेट 1956 च्या कोल पोर्टर साँगबुकवर, म्हणजे त्या संगीतकाराच्या गाण्यांच्या अल्बमवर! मधली वर्षं गेली कुठे?

आम्ही सिंधुदुर्गातली माणसं, डबलबारीवर, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या समोरासमोरच्या सामन्यावर वाढलेली, त्यामुळे मला तरी ही मधली वर्षंच जास्त भारी वाटतात. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सॅव्हॉय बॉलरूम नावाचं नाचघर होतं, तिथे मुद्दाम दोन स्टेज बांधलेले, एक बँड थांबला की दुसरा चालू, नाचणाऱ्यांना उसंतच नाही. आणि मोठी रात्र असली की समोरासमोर बारी. 11 मे 1937 ला तिथे बेनी गुडमनचा बँड आला, तो तेव्हा स्विंगचा, म्हणजे नाचायच्या जॅझचा, राजा, ड्रमवर जीन क्रुपा, आणि समोर घरचा बँड चिक वेबचा. वेब पाठीच्या हाडाच्या टीबीमुळे लहानपणापासून बुटका आणि कुबडा राहिलेला, ड्रमसेट पण त्याच्या उंचीला जमेल असा करून घेतलेला, पण त्या रात्री त्याने गुडमनला घरी पाठवलं आणि क्रुपाने भर गर्दीत त्याला वाकून सलाम केला. आपल्याकडे बारी संपल्यावर समोरचा पखवाजवाला येऊन पाया पडतो ना, अगदी तसंच. एला त्या वेळी वेबच्याच बँडात, विशीतली.

16 जून 1939 ला वेब गेला. बुवा, म्हणजे भजनाचे मुख्य गायक, गेले की मंडळ मोडतं, हे आपण गावोगाव बघितलंय. इथे मंडळ मोडलं नाही, बँडचं नाव झालं 'एला फिट्झगेराल्ड अँड हर फेमस ऑर्केस्ट्रा' आणि बावीस वर्षांच्या त्या पोरीच्या नावावर मोठमोठे बाप्ये वादक 1942 पर्यंत वाजवत राहिले. आता कोणी म्हणेल की बँड सांभाळायचं, बसवायचं काम तर जुने वादकच करत होते, टॅफ्ट जॉर्डन वगैरे. करत होते, खरं आहे. पण तिकीट कोणाच्या नावावर खपत होतं? डेका कंपनीच्या रेकॉर्डवर नाव कोणाचं छापलं जात होतं? बुवा पण स्वतः पखवाज वाजवत नाही, म्हणून भजन काय पखवाजवाल्याचं होतं का!

बरं, बँडात राहण्याचा तिच्या गाण्यावर काय परिणाम झाला ते लेखात यायला हवं होतं. ते टोपलीचं गाणंच नीट ऐका, मध्ये वादक तिला टोपलीचा रंग विचारतात, हा होता का, तो होता का, आणि ती प्रत्येक वेळी मान हलवल्यासारखी नाही नाही नाही म्हणत त्यांना उडवून लावते, तालात एक कण इकडचा तिकडे होत नाही. हे कोरस अंगावर घेऊन गाणं. पुढे 1945 चं फ्लाइंग होम, 1947 चं ओह लेडी बी गुड, त्यात शब्दच नाहीत म्हटलं तरी चालेल, गळ्यातून सरळ ट्रम्पेट सॅक्सोफोन काढते. आणि 1960 मध्ये बर्लिनला भर कार्यक्रमात मॅक द नाइफचे शब्द विसरली तर जागेवर नवे जुळवून गायली, त्याच रेकॉर्डिंगला ग्रॅमी मिळालं. ही तयारी स्टुडिओत होत नसते, रोज रात्री नाचणाऱ्यांसमोर उभं राहून होते. साँगबुक गोडच आहेत, पण मला विचाराल तर थोडी जास्तच इस्त्री केलेली. सॅव्हॉय आणि रोझलँड या नाचघरांतून रेडिओवर गेलेल्या तिच्या बँडच्या रेकॉर्डिंग्ज ऐकायला मिळतात, आवाज खरखरीत आहे पण जीव आहे त्यात.

आता मुख्य तक्रार. फोटोखाली छापलंय 'चिक वेबच्या बँडची गायिका, 1940'. वेब जाऊन तेव्हा वर्ष होत आलेलं, बँड तिचा होता. एवढी दुरुस्ती चौकटीत द्या प्लीज.

आणि पुढच्या वेळी आपल्या कोकणपट्टीतल्या माणसावर पण लिहा की. बार्देशातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या ताजमध्ये बँड चालवायचा, 1951 च्या 'अलबेला'त भगवानदादांबरोबर पडद्यावर पण दिसतो. फक्त फोटोखाली चिक वेब छापू नका.

आपला एक वाचक,
वेंगुर्ला