मेटलमधल्या क्लीन गिटारबद्दलही लिहा

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीतला गिटारवरचा लेख आवडला, पण त्यात मेटल म्हणजे डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणं) फुल्ल करून वाजवायचं संगीत असं एका ओळीत उरकलंय ते खटकलं, म्हणून लिहितोय. मेटलची कितीतरी गाणी क्लीन, म्हणजे आवाज न फाडता वाजवलेल्या, गिटारवर सुरू होतात, एकेक तार सुटी वाजते, आणि तो भाग नीट लागला तरच पुढचा रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) छातीत धडकतो. मेटॅलिका या मेटल बँडच्या जेम्स हेटफिल्डने क्लीनसाठी रोलंडचा जॅझ कोरस १२० वापरला, १९७५ साली आलेला हा अँप (गिटारचा अँप्लिफायर), आत काचेच्या ट्यूब नाहीत, बारा इंची दोन स्पीकर आणि दोघांना ६०-६० वॅट, व्हॉल्यूम वाढवला तरी आवाज सहजी फाटत नाही. नाव जॅझचं आणि काम मेटलचं!

आता खरं दुखणं. आम्ही वाजवणारेच डिस्टॉर्शनवर तासन् तास घालवतो आणि अँपचा क्लीन चॅनल दोन मिनिटांत लावून मोकळे होतो. मीही तेच करायचो. जोरात पिक (तार छेडायची पट्टी) मारला की खर्जाच्या तारा फाटायच्या आणि मी अँपला दोष द्यायचो, पण मुळात हंबकरचा (तारांचा आवाज पकडणाऱ्या दुहेरी कॉइलच्या पिकअपचा) सिग्नलच इतका तगडा होता की गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) अगदी कमी ठेवला तरी प्रीअँप, म्हणजे अँपचा पहिला टप्पा, ओरडायचा. शेवटी नेक पिकअपचे (गिटारच्या मानेजवळच्या पिकअपचे) दोन्ही स्क्रू थोडे थोडे फिरवून तो तारांपासून लांब केला, गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला, आणि त्याच अँपमधून तार न् तार वेगळी ऐकू यायला लागली. एक पैसा खर्च नाही.

बाकी मग ईक्यू, म्हणजे खालचे-मधले-वरचे सूर कमीजास्त करणं. ट्यूनिंग खाली असेल तर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये चिखल साचतो, तिथे थोडं कापायचं, पण मिड्स (मधले सूर) सगळे काढू नका, घरी गोड वाटतं आणि बँडमध्ये गिटार गायब होते. कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारं यंत्र) साधारण ३:१, अटॅक, म्हणजे तो दाबायला लागायचा वेग, जरा सावकाश, म्हणजे पिकची टिचकी मरत नाही. कोरसची (एका गिटारच्या दोन वाटायला लावणाऱ्या इफेक्टची) डेप्थ जास्त झाली की सैल तारा बेसूर वाटतात. आणि नॉईज गेट (हळू आवाज बंद करून खरखर थांबवणारं यंत्र) क्लीनला बंदच ठेवा, विरत जाणारा सूर तो मधेच कापतो, मला तर ते ऐकवतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेव्हल. डिस्टॉर्शनमध्ये हलका-जोरदार सगळा आवाज दाबून एकसारखा होतो त्यामुळे तो कायम मोठा वाटतो, क्लीनचं तसं नसतं, म्हणून हा चॅनल ड्रमर वाजवत असतानाच लावायचा, घरी एकट्याने लावलेला बँडमध्ये हमखास बुडतो.

पुढच्या वेळी मेटलवर लिहाल तेव्हा पहिला रिफ सुरू व्हायच्या आधीच्या त्या अर्ध्या मिनिटावरही लिहा, एवढीच विनंती.

आपला,
एक गिटार वाजवणारा वाचक